फुफ्फुसाची गाठ : बिघाड गाठीतला, घराण्यातला नव्हे



या पानावर आम्ही एरवी लागणीचा हंगाम, खतांचे हप्ते, पाणीपट्टी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. या वेळी विषय निराळा आहे आणि तो मुद्दाम घेतला आहे. आपल्याच एका सभासदाच्या घरात एका कागदाने केवढा गोंधळ घातला, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. घरच्यांना विचारून, नाव-गाव गाळून, ती हकिकत सांगतो.

खोडव्याच्या नोंदीसाठी आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. सभासदांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, वय बावन्न. उभ्या जन्मात विडीला हात लावलेला नाही. घरात गॅस आला तो लग्नानंतर पंधरा-वीस वर्षांनी. तोवर चूल आणि फुंकणी. पावसाळ्यात त्यांना खोकला लागला तो हटेना. एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला, डाग दिसला, आणि क्षयच असणार म्हणून गोळ्या सुरू झाल्या. बेडका मात्र तपासला गेला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढला तर डाग होता तिथेच, उलट थोडा वाढलेला. मग शहर, सीटी स्कॅन, सुईने काढलेला तुकडा आणि कर्करोगाचे निदान. गाठ अजून एकाच पाळ्यात होती म्हणून शस्त्रक्रिया करता आली. उजव्या फुफ्फुसाचे वरचे पाळे काढले. गाठ साडेतीन सेंटिमीटरची निघाली, शेजारच्या एका ग्रंथीतही रोग सापडला. डॉक्टरांच्या हिशेबी ही दुसरी पायरी. चार पायऱ्यांपैकी दुसरी म्हणजे अजून हातात असलेली गोष्ट.

इथवर घर खंबीर होते. पुढे गाठीच्या तपासणीचा आणखी एक कागद आला. त्यावर लिहिले होते, ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन आढळले. चिरंजीव बारावी झालेले. त्यांनी अर्थ सांगितला, जनुक म्हणजे आई-बापाकडून येतं ते. झाले! धाकट्या मुलीचे स्थळ जवळपास ठरले होते. बातमी पाहुण्यांपर्यंत पोहोचली आणि "विचार करून कळवतो" असा निरोप आला. आम्ही गेलो तेव्हा सभासद ओसरीवर बसून होते. म्हणाले, "आवं, कागदावरच लिवलंय जनुक म्हणून. म्हंजी वंशातलंच नव्हं? पोरीला काय सांगू आता?"

आम्हालाही तेव्हा धड उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही जाणकार डॉक्टरांना भेटलो, जे छापून आले आहे ते वाचले, आणि आता लिहीत आहोत.

आधी जनुक म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत एक मोठी वही असते असे समजा. तिच्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, आणि अक्षरे फक्त चारच प्रकारची. त्या वहीतील कामाचे एकेक प्रकरण म्हणजे जनुक. अशी सुमारे वीस हजार प्रकरणे आहेत. जुनी पेशी दुभंगून नवी होते तेव्हा ही सगळी वही नव्याने उतरवून काढावी लागते. आपल्या हिशेब खात्यातला कारकून कितीही हुशार असला तरी हजार पाने उतरताना एखादा आकडा चुकतोच. तसेच इथे घडते. शिवाय तंबाखूचा धूर, ऊन, काही रसायने यांनीही अक्षरे बिघडतात. या बिघाडाला शास्त्रीय भाषेत उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, काही पेशी दुरुस्त करते, आणि काही नेमक्या अडचणीच्या जागी पडतात.

ईजीएफआर ही अशीच एक जागा. पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला ती समजावून सांगणे सोपे आहे. हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रकारचे दार बसवते, आपल्या चारीच्या दारासारखे. बाहेरून वाढीचा निरोप आला की दार उघडते, पेशी वाढते. निरोप थांबला की दार बंद. बिघाड झाला की दार उघडेच अडकून बसते. पाटकऱ्याने पाळी संपल्याचे सांगितले तरी पाणी वाहतच राहते, आणि रान चिबडते. फुफ्फुसाच्या कर्करोगात या जनुकाचे दोन बिघाड वारंवार दिसतात. एकात काही अक्षरे, बहुधा पंधरा, गळून गेलेली असतात. दुसऱ्यात फक्त एक अक्षर बदलते आणि त्यामुळे त्या दाराच्या बांधणीतील ८५८ व्या कडीची जात बदलते. ३०० कोटींत एक अक्षर! आम्हाला तर हे ऐकून बराच वेळ खरेच वाटेना.

आता मुख्य प्रश्न. हे वहिनींना आई-वडिलांकडून आले का, आणि मुलीकडे जाणार का?

उसाच्या बेटात कधी कधी एखादाच ऊस निराळ्या रंगाचा किंवा पट्टेरी निघालेला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बेणे तेच, खत तेच, शेजारचे सगळे ऊस नेहमीसारखे, आणि हा एकच वेगळा. बदल त्या एका डोळ्यातून फुटताना झाला. त्याचाच डोळा लावला तर पुढचा ऊस तसा येईल, पण बेटातल्या बाकीच्या उसांना त्याचा स्पर्श नाही, मग दुसऱ्या बेटांची गोष्टच सोडा. वहिनींच्या फुफ्फुसातल्या एका पेशीत, जन्मानंतर कित्येक वर्षांनी, असाच बदल झाला. तो त्या पेशीच्या पिलावळीत, म्हणजे गाठीत आहे. त्यांच्या हाडात, कातडीत, आणि महत्त्वाचे म्हणजे मुले जिच्यापासून झाली त्या बीजात तो नाही. तो त्यांना वारसाहक्काने आलेला नाही आणि त्या कुणाला देणारही नाहीत. ईजीएफआरचा बिघाड जन्मतःच असलेली थोडी घराणी जगात सापडली आहेत, पण ती फार विरळ. तशी शंका असेल तर डॉक्टर निराळी रक्ततपासणी सांगतात. कागदावर जनुक शब्द आला एवढ्यावरून घराण्याला डाग लावणे म्हणजे एका काणीच्या पट्ट्यावरून गावातला सगळा ऊस पेटवून देण्यासारखे आहे.

गाठ वाढते कशी, यावर लंडनमध्ये मोठे काम झाले आहे. चार्ल्स स्वॉन्टन या डॉक्टरांनी २०१४ मध्ये ट्रेसर-एक्स नावाचा अभ्यास सुरू केला. शस्त्रक्रिया करता येईल अशा, म्हणजे लवकर सापडलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचे आठशेंवर रुग्ण त्यात घेतले. एकेका गाठीचे निरनिराळ्या जागचे तुकडे काढून प्रत्येकाची वही वाचली. पहिल्या शंभर रुग्णांचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला, आणि चारशेंवर रुग्णांचा २०२३ मध्ये.

त्यातून जे दिसले ते उसाच्या बेटाकडे पाहून लगेच समजते. मुख्य कोंबातच दोष असेल तर तो सगळ्या फुटव्यांत उतरतो. एखाद्या फुटव्यात नंतर दोष आला तर तो तेवढ्यातच राहतो. गाठीतही असेच. काही बिघाड अगदी पहिल्या पेशीतले, म्हणून गाठीच्या प्रत्येक तुकड्यात. काही नंतरचे, म्हणून एका कोपऱ्यात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. ईजीएफआरचा बिघाड जवळजवळ नेहमी मुख्य कोंबातला असतो. औषधाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण त्याच्यावर नेम धरला तर तो साऱ्या फुटव्यांना लागतो. गाठ जितकी जुनी होते तितके वेगवेगळ्या जातीचे फुटवे वाढतात आणि एका औषधाला दाद न देणारा एखादा त्यात निघतोच. लवकर सापडण्याचे महत्त्व केवळ गाठ लहान असते एवढेच नाही. लहान गाठीत अजून फार पंथ पडलेले नसतात.

दुसरी एक गोष्ट याच मंडळींनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती वाचून आम्ही थक्क झालो. कर्करोग नसलेल्या निरोगी फुफ्फुसाचे २९५ नमुने तपासले. त्यातल्या १८ टक्क्यांत ईजीएफआरचा आणि ५३ टक्क्यांत के-रास नावाच्या दुसऱ्या जनुकाचा बिघाड थोड्या थोड्या पेशींत आधीच होता. म्हणजे वय वाढेल तसे असे बिघाड पुष्कळांच्या छातीत निपचित पडलेले असतात, आणि त्यातल्या फार थोड्यांना कर्करोग होतो. मग निजलेले जागे कोण करते? इंग्लंड, दक्षिण कोरिया, तैवान आणि कॅनडा येथील माहितीवरून त्यांनी दाखवले की हवेतील अतिसूक्ष्म धूलिकण जितके जास्त, तितके ईजीएफआर बिघाडाचे कर्करोग जास्त. हे कण फुफ्फुसात गेले की तिथल्या राखणदार पेशी दाहाचा एक पदार्थ सोडतात, आणि निजलेल्या बिघडलेल्या पेशी त्याने चाळवतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

हा अभ्यास बाहेरच्या हवेचा होता. चुलीचा किंवा पाचटाचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण असलेच सूक्ष्म कण चुलीच्या धुरात असतात आणि पेटवलेल्या पाचटाच्या धुरातही. पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा, कुट्टी करा, असे आपले शेती खाते इतकी वर्षे जमिनीच्या भल्यासाठी सांगत आले. छातीच्या भल्यासाठीही तेच सांगावेसे वाटते. निदान खोकणारी म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया वाऱ्याच्या खालच्या अंगाला असतील तेव्हा तरी काडी लावू नये.

विडी-सिगारेटची गोष्ट अर्थातच वेगळी आणि जास्त वाईट. तिथे धूर निजलेल्याला जागे तर करतोच, पण नवे बिघाडही स्वतः करतो. वर्षभर रोज एक पाकीट सिगारेट ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातल्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० नवे बिघाड होतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. "आता साठी झाली, सोडून काय उपयोग?" असे टोळीचे मुकादम आम्हाला हटकून विचारतात. त्यांच्यासाठी उत्तर आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सोळा जणांवरच्या एका बारकाईच्या तपासणीत असे आढळले की धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरात काही जणांत ४० टक्क्यांपर्यंत पेशी जवळपास कधीच न ओढणाऱ्याइतक्या स्वच्छ होत्या. कुठेतरी दडून राहिलेल्या धडक्या पेशी पुढे येऊन रान पुन्हा धरतात. साठीतही सोडावी.

आता ज्या कागदाने घर हादरले, तोच कागद उपयोगाचा कसा ते सांगतो.

२००४ पूर्वी एक गोळी निघाली होती, गेफिटिनिब. शंभरातल्या दहाएक रुग्णांची गाठ तिने झपाट्याने वितळायची आणि बाकीच्यांना काडीचा फरक पडायचा नाही. गुण येणाऱ्यांत बायका, धूम्रपान न केलेले आणि आशिया खंडातले लोक जास्त. कोडे सुटेना. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दोन गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवले की ज्यांना गुण येतो त्यांच्या गाठीत ईजीएफआरचा बिघाड असतो. अडकलेले दार बंद करणारी ती गोळी होती. ज्यांचे दार अडकलेलेच नाही त्यांना ती काय करणार? भारतात झालेल्या तपासण्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या साधारण चौथा हिस्सा रुग्णांत हा बिघाड सापडतो, आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत त्याहून पुष्कळ जास्त. तेव्हा वहिनींच्या कागदावर तो निघाला यात नवल नव्हते.

पुष्कळ वर्षे ही औषधे रोग पसरल्यावरच देत. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढली, मग गोळी कशाला, असा विचार होता. पण काणीचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला यातली मेख सांगायला नको. चाबकासारखा पट्टा पोत्यात झाकून, बेट उपटून जाळले तरी चार बीजाणू मातीत राहिले तर खोडव्याला काणी पुन्हा डोके काढते. काणी बाहेरून येणारी बुरशी आहे आणि कर्करोग आपल्याच पेशींचा, हा फरक आहेच. पण मागे राहिलेल्याची भीती सारखीच. म्हणून ओसिमर्टिनिब या पुढच्या पिढीतील गोळीचा प्रयोग ६८२ रुग्णांवर झाला. सगळ्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढलेली, सगळ्यांत ईजीएफआरचा बिघाड. त्यांतले दोन तृतीयांशांहून अधिक जण स्त्रिया, आणि साधारण तितक्याच जणांनी कधी धूम्रपान केलेले नव्हते. निम्म्यांना रोज एक गोळी, तीन वर्षे. निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली. २०२० मध्ये पहिला निकाल आला : दोन वर्षांनी रोग न उलटलेले एकीकडे ८९ टक्के, दुसरीकडे ५२. पाच वर्षांनी हयात किती, हा निकाल २०२३ मध्ये आला : ८८ टक्के आणि ७८ टक्के. शंभरामागे दहा माणसे जास्त. घरात वहिनी असणे आणि नसणे, यातला हा दहाचा आकडा आहे.

याच्यावर आक्षेपही आहे, तो लपवत नाही. ज्यांना औषध नसलेली गोळी मिळाली, त्यांच्यापैकी सगळ्यांना रोग उलटल्यावर खरी गोळी मिळाली नाही. ती मिळाली असती तर फरक कदाचित कमी दिसला असता, असे काही डॉक्टर म्हणतात. गोळी तीन वर्षांनी थांबवल्यावर काहींचा रोग उलटतो हेही खरे. जुलाब, अंगावर पुरळ, नखांच्या कडा दुखणे असे त्रास होतात. क्वचित फुफ्फुसालाच सूज येते. नव्याने धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एवढे सगळे धरूनही, आमच्या मते, हा बिघाड असणाऱ्याला ही माहिती न मिळणे हा अन्याय आहे.

दुसरा असाच एक बिघाड आल्क नावाचा. जपानात हिरोयुकी मानो यांच्या गटाने २००७ मध्ये तो शोधला. त्यात दोन वेगळी जनुके तुटून एकमेकांना चिकटलेली असतात. तो शंभरात तीन-पाच जणांत सापडतो. त्यावरची गोळी अलेक्टिनिब. शस्त्रक्रियेनंतर ती घेतलेल्यांत दोन वर्षांनी सुमारे ९४ टक्क्यांचा रोग उलटलेला नव्हता. नेहमीची केमोथेरपी घेतलेल्यांत सुमारे ६४ टक्क्यांचा. हा निकाल २०२४ चा, २५७ रुग्णांवरचा. के-रासवर शस्त्रक्रियेनंतर द्यायची अशी गोळी अजून रुळलेली नाही.

मुद्दा असा की कोणता बिघाड आहे हे कळल्याशिवाय गोळी ठरत नाही, आणि तपासल्याशिवाय बिघाड कळत नाही. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. त्याला दवाखान्यात ब्लॉक म्हणतात. तपासणी राहून गेली असेल तर तो ब्लॉक मागून नंतरही करता येते. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी कागदांबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्या कुठे आहेत ते विचारून घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. शक्य असेल तर सुईने काढलेल्या पहिल्या तुकड्यावरच तपासणी व्हावी. हल्ली शस्त्रक्रियेच्या आधी प्रतिकारशक्ती चेतवणारी इंजेक्शने देतात. ईजीएफआर किंवा आल्कचा बिघाड असणाऱ्यांना त्यांचा उपयोग कमी असतो, म्हणून ती आधीच ठाऊक असलेली बरी.

खर्चाचे काय, हा प्रश्न येणारच. ओसिमर्टिनिब महाग आहे, एकरी उताऱ्याच्या हिशेबात न बसणारी. २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरील सीमाशुल्क माफ झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या पुष्कळ शस्त्रक्रिया व उपचार बसतात. आपल्या रुग्णाचे काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून, शिधापत्रिका दाखवून, विचारावे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. आपल्या ऊसपट्ट्यात बार्शीलाही नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम देशात प्रथम तिथेच, १९८७ मध्ये, सुरू झाले.

आणि खोकल्याविषयी. आपल्याकडे क्षय खूप आहे, म्हणून डाग दिसला की क्षय आठवतो, यात डॉक्टरांचीही सगळी चूक नाही. पण क्षयाच्या गोळ्या सुरू करण्याआधी बेडका तपासून घ्या. सरकारी केंद्रात ती तपासणी फुकट होते. क्षय सिद्ध झाला तर गोळ्या पुऱ्या घ्या, मध्ये सोडू नका. बेडक्यात काही निघाले नसेल आणि दोन महिन्यांच्या गोळ्यांनी डाग हलला नसेल तर मात्र सीटी स्कॅनचा आग्रह धरा. "आमच्यात कुणी विडी ओढत नाही" हे कर्करोग नसल्याचे प्रमाणपत्र नव्हे. अगदी लहान असताना सापडलेल्या गाठीत दहापैकी आठ-नऊ रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात. वहिनींचे सहा महिने गेले ते कुणी परत देणार नाही.

वहिनींना गोळी सुरू होऊन आता आठ महिने झाले. नखे दुखतात, तेवढे सोडले तर बऱ्या आहेत. परवा वैरण घेऊन बांधावरून येताना दिसल्या. त्यांच्या डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिले आहे की हा बिघाड फक्त गाठीत आहे, आनुवंशिक नाही. सभासदांनी त्या चिठ्ठीच्या चार झेरॉक्स काढल्या. त्यातली एक घेऊन आम्ही आणि गटप्रमुख त्या पाहुण्यांच्या गावाला गेलो होतो. चहा झाला. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. अजून निरोप यायचा आहे.